आधी कोण मरतो? अमेरिकन स्लॅशर चित्रपट आणि अल्पसंख्याकांचे चित्रण

साहित्याला वाहिलेल्या वार्षिकात अमेरिकेतल्या रक्तबंबाळ चित्रपटांविषयी लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही धरून चाललो आहोत. प्रेमचंद, मंटो आणि इस्मत चुगताई वाचत वाढलेल्या माणसाने सुऱ्या-कुऱ्हाडींच्या चित्रपटांची दखल कशाला घ्यावी, असे आमच्या शाळेतल्या सहकाऱ्यांनीही विचारले. आमचे उत्तर असे की, प्रतिष्ठित कलाकृती आपले पूर्वग्रह झाकून ठेवायला शिकलेल्या असतात. सवंग, धंदेवाईक म्हणून हिणवलेल्या चित्रपटांना मात्र तेवढी सवड नसते. कोणाच्या मरणाला समाज किंमत देतो आणि कोणाच्या नाही, हे तिथे उघड्यावर दिसते.

दुसरे कारण शाळेतलेच आहे. एकदा ऑफ तासाला आम्ही नववीच्या वर्गावर गेलो, तेव्हा मागच्या बाकांवरची मुले 'स्क्रीम'ची गोष्ट एकमेकांना रंगवून सांगत होती. हे चित्रपट त्यांच्या वयाचे नाहीत, पण मोबाइलने तो बांध केव्हाच फोडला आहे. त्यांच्यातल्या एकाने विचारले, "सर, इसमें अपना कोई नहीं रहता क्या?" आम्ही उत्तर शोधत होतो, तेवढ्यात दुसरा म्हणाला, "रहता ना, बम लेके." सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र ते हसू आम्हाला बोचत राहिले. पुढील विवेचन हे त्या मुलाला उशिराने दिलेले उत्तर आहे.

'स्लॅशर' ही भयपटांची एक विशिष्ट जात. मुखवटा घातलेला, हातात धारदार हत्यार घेतलेला खुनी तरुणांच्या एका कंपूला एकेक करून टिपतो आणि शेवटी एक जण, बहुधा एक मुलगी, त्याला तोंड देऊन वाचते, असा तिचा साचा. हिचकॉकचा 'सायको' आणि मायकेल पॉवेलचा 'पीपिंग टॉम' हे १९६० चे दोन चित्रपट तिचे पूर्वज मानले जातात. १९७४ मध्ये टोबी हूपरचा 'द टेक्सास चेन सॉ मॅसॅकर' आला. १९७८ मध्ये जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोविन'ने साचा पक्का केला. थोड्या पैशांत काढलेला हा चित्रपट इतका चालला की १९८० मध्ये 'फ्रायडे द थर्टीन्थ' आणि १९८४ मध्ये वेस क्रेव्हनचा 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' त्याच वाटेने आले. यातल्या शेवटच्या चित्रपटाची नक्कल आपल्याकडे रामसे बंधूंनी 'महाकाल' या नावाने केली, हे जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल.

हे सारे घडते कुठे? झाडांच्या रांगा, हिरवळ आणि दुमजली घरे असलेल्या टुमदार गोऱ्या वस्त्यांत. 'हॅलोविन'मधील हॅडनफिल्ड काय किंवा 'स्क्रीम'मधील वुड्सबरो काय, ही कल्पित गावे अशाच वस्त्यांच्या नमुन्यावर बेतलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर गोरी कुटुंबे शहरे सोडून अशा उपनगरांत गेली. कृष्णवर्णीयांना तिथे घर घेणे, घरासाठी कर्ज मिळवणे सरकारी धोरणांनीच दुरापास्त करून ठेवले होते. त्यामुळे या पडद्यावर काळा शेजारी दिसत नाही, याचे कारण केवळ दिग्दर्शकाच्या डोक्यात नव्हते, ते गावाच्या नकाशात होते. नाव सांगताच 'खोली कालच गेली' असे उत्तर ऐकलेल्या आमच्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

मग कधी तरी या वस्तीत 'दुसरा' माणूस येतो. तो येतो आणि मरतो. 'काळ्याचा बळी आधी' हा या चित्रपटांविषयीचा अमेरिकेतला प्रसिद्ध विनोद. तो शब्दशः खरा नाही. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या १९८५ मधील पाचव्या भागात रेगी हा काळा मुलगा शेवटपर्यंत जगतो, तर १९९८ च्या 'हॅलोविन एच-ट्वेंटी'मध्ये एलएल कूल जे याने रंगवलेला काळा पहारेकरी वाचतो. तेव्हा नुसती प्रेते मोजून निष्कर्ष काढणे आम्हाला पुरेसे वाटत नाही. तो माणूस कशासाठी मरतो, हे पाहिले पाहिजे.

दोन उदाहरणे घेऊ. स्टॅन्ली कुब्रिकचा 'द शायनिंग' (१९८०) काटेकोर अर्थाने स्लॅशर नाही, पण कुऱ्हाड घेऊन बायको-मुलामागे धावणारा बाप त्यात आहे. या मायलेकरांना वाचवायला डिक हॅलोरन हा काळा आचारी फ्लोरिडाहून बर्फात गाडलेल्या हॉटेलपर्यंत येतो आणि आत पाऊल टाकताच कुऱ्हाडीचा घाव खाऊन पडतो. त्याने आणलेल्या बर्फावरच्या गाडीतून मायलेकरे निसटतात. स्टीफन किंगच्या १९७७ मधील मूळ कादंबरीत हॅलोरन जिवंत राहतो. पडद्यावर मात्र त्याची गाडी उपयोगी पडली, तो नाही.

दुसरे उदाहरण आमच्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या तिसऱ्या भागात (१९८२) मोटारसायकलवरून फिरणाऱ्या मवाल्यांच्या टोळीत एक काळा तरुण आहे. त्याचे नाव अली. तो आधीच मेला असे आपण समजतो, पण शेवटच्या झटापटीत नायिका संकटात असताना तो उठतो आणि खुन्यावर चाल करून जातो. खुनी त्याचा हात तोडतो, त्याला ठार करतो. तेवढ्या वेळात नायिका कुऱ्हाड उचलते. हा अली कुठला, त्याच्या घरी कोण आहे, त्याचे नाव अली का, हे चित्रपट एका शब्दाने सांगत नाही. त्याने नायिकेला काही क्षण मिळवून दिले, एवढेच त्याचे चरित्र.

या दोघांत काय नाही, याचा विचार करताना आम्हाला एक सूत्र सापडले. त्यांना भिण्याची परवानगी नाही. भयपटाचे सारे भांडवल भीती हे आहे. ज्याची भीती कॅमेरा सविस्तर दाखवतो, तोच प्रेक्षकाचा सोयरा होतो. दाराच्या कडीवर थरथरणारा हात, कपाटात कोंडून धरलेला श्वास आणि जिन्यावरच्या पावलांचा कानोसा ज्याच्या वाट्याला येतो, त्याच्यासाठी आपण देवाकडे दुवा मागतो. 'हॅलोविन'ची सुरुवात खुन्याच्या डोळ्यांनी होते आणि शेवटाकडे येईतो आपण लॉरीच्या डोळ्यांनी पाहू लागलेले असतो. कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेने १९८७ मधील निबंधात आणि पुढे १९९२ मधील ग्रंथात या वाचणाऱ्या मुलीला 'शेवटची मुलगी' असे नाव दिले. तरुण पुरुष प्रेक्षकसुद्धा अखेरीस या भ्यालेल्या मुलीच्या बाजूने उभा राहतो, हे तिचे निरीक्षण मोलाचे आहे. स्त्रीला या चित्रपटांनी मारले खूप, पण भिण्याचा आणि भीतीतून उठून उभे राहण्याचा मानही दिला. मात्र ती शेवटची मुलगी दीर्घकाळ गोरीच राहिली.

इतरांच्या वाट्याला दोनच जागा आल्या. एक प्रेताची, दुसरी मुखवट्याची. 'टेक्सास चेन सॉ'मधील फ्रँकलिन चाकांच्या खुर्चीत आहे. सोबत्यांना त्याची अडचण होते आणि प्रेक्षकालाही तो कटकट्या वाटावा अशी मांडणी आहे. दुसरीकडे खुनी कोण? 'सायको'त आईचे कपडे घालणारा मुलगा, 'हॅलोविन'मध्ये मनोरुग्णालयातून पळालेला रुग्ण, 'फ्रायडे'मध्ये विद्रूप म्हणून हिणवला गेलेला जेसन. 'स्लीपअवे कॅम्प' (१९८३) तर खुनी मुलीचे शरीर मुलाचे आहे, हे अखेरच्या दृश्यात दाखवूनच प्रेक्षकाला दचकवतो. जो समाजाच्या चौकटीत बसत नाही, तो एक तर मरेल किंवा मारेल. त्याने भ्यावे, हे मात्र कोणाला सुचले नाही.

सुचले नाही असे सरसकट म्हणणेही अन्यायाचे होईल. १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये ड्वेन जोन्स या काळ्या नटाने बेन हा नायक उभा केला होता. चालत्या मुडद्यांशी रात्रभर झुंजून बेन एकटा वाचतो. सकाळी शस्त्रधारी गोऱ्यांची टोळी येते, त्याला मुडदा समजून गोळी घालते आणि त्याचे शव आकड्याने ओढत नेऊन जाळते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. बेनला खरे भय मुडद्यांचे नव्हते, सुटकेसाठी आलेल्यांचे होते. हा विचार स्लॅशरवाल्यांनी उचलला नाही.

१९९२ मधील 'कँडीमॅन'पाशी आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. क्लाइव्ह बार्करची मूळ कथा लिव्हरपूलमध्ये घडते. दिग्दर्शक बर्नार्ड रोझ यांनी ती शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत नेली. टोनी टॉड यांनी रंगवलेला कँडीमॅन हा एका गुलामाचा मुलगा. तो चित्रकार होता. गोऱ्या श्रीमंताच्या मुलीवर प्रेम केले म्हणून जमावाने त्याचा हात करवतीने कापला आणि मध चोपडून त्याला मधमाश्यांच्या स्वाधीन केले. म्हणजे राक्षस हा मुळात जमावाचा बळी आहे. एवढी मोठी कल्पना हाती असूनही कॅमेरा राहतो तो हेलन या गोऱ्या संशोधिकेसोबत. वस्तीतल्या बायकांची भीती ही तिच्या प्रबंधाची सामग्री. मूल हरवलेल्या अ‍ॅन-मरीचा हंबरडा आपण ऐकतो, पण रात्रभर आपण बसतो ते हेलनच्या उशाशी.

१९९७ च्या 'स्क्रीम २'ने ही खोट ओळखून तिचाच विनोद केला. सुरुवातीलाच एक काळे जोडपे चित्रपटगृहात बसले आहे. भयपटांनी काळ्यांना कायम वगळले, अशी तक्रार त्यातली मुलगी करते. काही मिनिटांत ते दोघेही मारले जातात. प्रेक्षक हसतो, टाळी देतो, आणि उरलेला चित्रपट पुन्हा गोऱ्या नायिकेचा होतो. दोष कबूल करणे आणि दोष दूर करणे यांत अंतर असते. आमच्या नववीच्या वर्गातला विनोद याच जातीचा होता, हे आम्हाला तो चित्रपट आठवल्यावर कळले. दुसऱ्याने मारण्याआधी स्वतःलाच चिमटा काढून घेण्याची ही रीत आहे.

खरा पालट गेल्या काही वर्षांतला. जॉर्डन पील यांच्या 'गेट आउट'मध्ये (२०१७) काळा तरुण गोऱ्या सासुरवाडीत सापडतो आणि आरंभापासून कॅमेरा त्याच्या भीतीवर नजर रोखून राहतो. शेवटी रस्त्यावर पोलिसांच्या दिव्यासारखा दिवा चमकतो, तेव्हा साऱ्या थिएटरच्या काळजात धस्स होते. गोऱ्या नायिकेसाठी तोच दिवा सुटकेचा असता. या पटकथेला ऑस्कर मिळाले. २०२१ मध्ये निया डाकोस्टा यांनी नवा 'कँडीमॅन' केला आणि अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात कमाईत अव्वल ठरलेला, कृष्णवर्णीय स्त्रीने दिग्दर्शित केलेला तो पहिला चित्रपट ठरला. त्यातला नायक म्हणजे अ‍ॅन-मरीचे ते हरवलेले मूल, आता तरुण चित्रकार झालेले. ही भूमिका करणाऱ्या नटाचे नाव याह्या अब्दुल-मतीन दुसरा, एका मुस्लिम बापाचा मुलगा. अलीच्या नावापासून याह्याच्या नावापर्यंत यायला एकोणचाळीस वर्षे लागली. टिम स्टोरी यांच्या 'द ब्लॅकनिंग'ने तर सगळा कंपूच काळा घेऊन 'आधी कोण मरणार' या प्रश्नाचीच खिल्ली उडवली. सगळेच काळे असल्यावर एक भित्रा, एक शहाणा, एक लबाड अशी माणसे वेगळी दिसू लागतात.

इथे एक सावधगिरीही नोंदवली पाहिजे. डाकोस्टांचा 'कँडीमॅन' आम्हाला पूर्ण समाधान देत नाही. त्यातली पात्रे वस्ती कशी उठवली गेली, पोलिसांनी काय केले, हे एकमेकांना इतके समजावून सांगतात की भीतीला बसायला जागा उरत नाही. प्रतिनिधित्व म्हणजे पात्राच्या तोंडी निवेदन देणे नव्हे. मुस्लिम मराठी कथेतही हा दोष आहे, हे आपण मान्य करावे. आपला नायक अनेकदा इतका सोज्वळ आणि देशभक्तीची ग्वाही देणारा असतो की तो घाबरला, चुकला, खोटे बोलला, असे लिहायला आपणच घाबरतो.

मराठी वाचकाला हा कृष्णवर्णीय प्रवास परका नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. जनार्दन वाघमारे यांनी निग्रो साहित्याची ओळख मराठीला करून दिली. तेव्हा त्यांचा अनुभव आपल्या पट्टीने मोजण्याचा हक्क आपल्याला आहे.

आता आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. अमेरिकन स्लॅशरमध्ये मुस्लिम पात्र जवळजवळ नाहीच. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अ‍ॅननबर्ग केंद्राने २०२१ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील २०१७ ते २०१९ या काळातले २०० लोकप्रिय चित्रपट तिने तपासले. त्यांतल्या बोलणाऱ्या पात्रांत मुस्लिम २ टक्क्यांहूनही कमी निघाले. जॅक शाहीन यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात नऊशेहून अधिक चित्रपट तपासून अरबांचे चित्र किती विकृत रंगवले गेले, हे दाखवून दिले होते. म्हणजे दुसरा मुलगा थट्टेत म्हणाला, ते पुराव्यानिशी खरे आहे. मुस्लिम हा पडद्यावर भिवविणारा असतो, भ्यालेला नसतो. आपल्याकडे १९७३ च्या 'गर्म हवा'तील सलीम मिर्झा हा घर सुटण्याच्या भीतीने आतून खचत गेलेला मुस्लिम होता, म्हणूनच तो परक्या प्रेक्षकालाही आपला वाटला. तशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी.

शेजारच्या देशातला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. २००७ मध्ये उमर अली खान यांनी पाकिस्तानात 'जिबहखाना' नावाचा चित्रपट काढला. नावाचा अर्थ कत्तलखाना. इस्लामाबादची पाच तरुण मुले घरी खोटे सांगून गाण्याच्या कार्यक्रमाला निघतात आणि रानात वाट चुकतात. इथे जवळजवळ सगळेच मुस्लिम असल्याने कोणीही 'मुस्लिम पात्र' नाही. आयेशा ही केवळ एक भेदरलेली, मग चवताळून उठणारी मुलगी आहे. खुनी मात्र रक्ताने माखलेला पांढरा बुरखा घातलेला आहे. बाहेरच्या जगाच्या मनातले भय घरच्याच दिग्दर्शकाने असे वापरावे का, यावर वाद होऊ शकतो. आमचे मत असे की, आयेशा त्याच पडद्यावर असल्यामुळे बुरखा हा सगळ्या समाजाचा चेहरा ठरत नाही, तो एका खुन्याचा मुखवटाच राहतो. आणखी एक गोष्ट नजरेआड करता कामा नये. त्या कंपूत सायमन हा एक गरीब ख्रिस्ती मुलगा आहे. तिथला अल्पसंख्याक तो. आपण बहुसंख्य असतो तिथे आपला कॅमेरा कोणाकडे वळतो, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

पडद्यावर जागा मिळाली म्हणजे काम संपले, असेही नाही. २०२२ आणि २०२३ च्या 'स्क्रीम' चित्रपटांत नायिकेची भूमिका मेलिसा बरेरा या मेक्सिकन अभिनेत्रीने केली. वुड्सबरोची शेवटची मुलगी प्रथमच वेगळ्या वंशाची झाली, म्हणून कौतुकही झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझातील संहाराविषयी तिने समाजमाध्यमांवर लिहिले. स्पायग्लास या निर्मिती संस्थेने तिला पुढच्या भागातून काढून टाकले. ज्यूद्वेष खपवून घेणार नाही, असे संस्थेने जाहीर केले. बरेरानेही ज्यूद्वेष आणि इस्लामद्वेष या दोहोंचा निषेध केला होता. ज्यूद्वेष हे पाप आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण गाझातल्या भ्यालेल्या मुलांविषयी बोलणे हे त्या पापात कसे मोडते, ते आम्हाला उमगत नाही. चेहरा विविध चालतो, तोंड उघडलेले चालत नाही, असा याचा अर्थ कोणी लावला तर त्याला दोष देता येणार नाही.

त्या तासानंतरच्या आठवड्यात आम्ही वर्गाला निबंध दिला. विषय होता, 'मुझे डर लगा'. आमची अपेक्षा भुताखेतांची होती. मुलांनी लिहिले ते असे. वीज गेल्यावर जिन्यात भेटलेला कुत्रा. दहावीतल्या बहिणीचे लग्न ठरण्याची कुजबुज. आणि बम-वाला विनोद करणाऱ्या मुलाने लिहिले होते की, त्याचे अब्बा दाढी राखून रात्रीच्या रेल्वेने मालाच्या खरेदीला जातात, तेव्हा त्यांचा पोहोचल्याचा फोन येईपर्यंत अम्मी झोपत नाही आणि तोही झोपेचे सोंग घेऊन जागा असतो.

हे पान आम्ही जपून ठेवले आहे. यात खुनी नाही, सुरा नाही, तरी कुठल्याही स्लॅशरहून ते अधिक भयानक आहे आणि त्यातला मुलगा कोणालाही आपला वाटेल. हॉलिवूड आपले चित्र केव्हा सुधारेल, याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. ज्या लेखकांना कथेची, पटकथेची कला अवगत आहे, त्यांनी अंधारात फोनची वाट पाहणाऱ्या त्या मुलाला केंद्रस्थानी आणावे. आमच्या पहिल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला तेव्हाच पुरते उत्तर मिळेल.